घरबसल्या थेट विक्रीचा व्यवसाय: सही करण्यापूर्वी फायदे-तोटे कसे मोजावेत

घरातून थेट विक्रीचा, म्हणजे दुकानाशिवाय स्वतः ग्राहकांपर्यंत जाऊन कंपनीचा माल विकण्याचा, व्यवसाय सुरू करणारे बहुतेक लोक क्रम चुकवतात. ते आधी नोंदणी करतात, मग माल मागवतात आणि हिशेब मांडायला सर्वांत शेवटी बसतात. तोपर्यंत कपाटात माल साचलेला असतो, नात्यातल्या चार घरांत विक्री होऊन गेलेली असते आणि ज्या व्यक्तीने आपल्याला या व्यवसायात आणले तिला नाही म्हणणे अवघड झालेले असते. या व्यवसायाचे फायदे खरे आहेत आणि तोटेही खरे आहेत. मात्र फायदा पहिल्याच बैठकीत दिसतो आणि तोटा कळायला सहा महिने लागतात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत आणि सातवा टप्पा संपेपर्यंत कोठेही सही करू नये किंवा पैसे भरू नयेत.

सुरुवातीला एक भेद पक्का करून घ्यावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. या व्यवसायात पैसे दोन वाटांनी येतात. पहिली वाट किरकोळ नफ्याची: कंपनीकडून कमी दराने घेतलेला माल छापील किमतीला विकल्यावर उरणारा फरक. दुसरी वाट कमिशनची: आपण जोडलेल्या विक्रेत्यांच्या, म्हणजे डाउनलाइनच्या, खरेदीवर किंवा विक्रीवर मिळणारा हिस्सा. माहिती देणारी व्यक्ती या दोन्हींची बेरीज करून एकच मोठा आकडा सांगते. तो आकडा दोन भागांत वेगळा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा १: स्वतःच्या मर्यादा आकड्यांत लिहून काढा

कोणत्याही बैठकीला जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहावेत. पूर्णपणे बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी रक्कम हा पहिला आकडा. आठवड्याला खरोखर मोकळे मिळणारे तास हा दुसरा. अपेक्षित कमाई झाली नाही तर किती महिन्यांनी थांबायचे हा तिसरा. हे आकडे बैठकीनंतर लिहिले तर ते बैठकीच्या उत्साहाने फुगतात, म्हणून ते आधीच लिहिलेले हवेत. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डावर माल उचलून हा व्यवसाय सुरू करणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही, कारण व्याजाचा दर ठरलेला असतो आणि विक्री ठरलेली नसते.

त्याच कागदावर घरातल्या माणसांशी बोलून आणखी काही गोष्टी ठरवाव्यात: माल कोणत्या जागेत राहील, ग्राहक घरी येणार असतील तर कोणत्या वेळी, आणि संध्याकाळी कितीनंतर व्यवसायाचा फोन घ्यायचा नाही. व्यवसाय घरात येतो तेव्हा तो सगळ्यांच्या घरात येतो, आणि ही बोलणी आधी झाली नाहीत तर ती पुढे भांडणाच्या रूपाने होतात.

*पडताळणी:* तिन्ही आकडे घरातल्या दुसऱ्या एका प्रौढ व्यक्तीला माहीत आहेत का? माहीत नसतील तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

टप्पा २: कमाईचा विचार बाजूला ठेवून माल तपासा

कमाईची योजना मुद्दाम पाहू नये आणि फक्त मालाकडे पाहावे. त्याच प्रतीचा, त्याच वजनाचा किंवा मापाचा माल दुकानात आणि ऑनलाइन कोणत्या दराने मिळतो हे किमान पाच वस्तूंच्या बाबतीत लिहून काढावे. तुलना नगावर न करता दर ग्रॅम, दर मिलिलिटर किंवा दर वापर अशी करावी, कारण वेगळ्या आकाराच्या पॅकमुळे महाग माल स्वस्त भासू शकतो. ‘आमचा माल जास्त सांद्र आहे, कमी लागतो’ असे सांगितले जात असेल तर एका पॅकमध्ये किती वापर होतात हे स्वतः मोजावे.

त्यानंतर सर्वांत उपयोगी प्रश्न विचारावा: कमाईची संधी जोडलेली नसती तर हा माल या किमतीला कोणी दुसऱ्यांदा घेतला असता का? पहिली खरेदी ओळखीने होते, दुसरी मालाच्या गुणाने होते. शक्य असल्यास नोंदणी न करता साधा ग्राहक म्हणून एक-दोन वस्तू विकत घेऊन वापराव्यात. जो विक्रेता साधा ग्राहक म्हणून माल द्यायला तयार नसतो आणि नोंदणीचाच आग्रह धरतो, त्याच्या दृष्टीने आपण ग्राहक आहोत की भरती, हे तिथेच कळते.

मालाचा प्रकारही पाहावा. लवकर संपणाऱ्या आणि पुन्हा लागणाऱ्या वस्तूंना कायमचे ग्राहक मिळू शकतात. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूला दर वेळी नवा ग्राहक शोधावा लागतो आणि ओळखीचे वर्तुळ लवकर संपते. मुदत असलेला माल घरात ठेवायचा असेल तर उष्णता आणि दमट हवा यांचाही विचार करावा लागतो.

*सावधान:* एखादे पूरक आहार उत्पादन मधुमेह, सांधेदुखी किंवा कर्करोग बरा करते असे सांगितले जात असेल तर तिथेच थांबावे. असे दावे विक्रेत्याने ग्राहकासमोर केले की त्याची जबाबदारी विक्रेत्यावरही येते, आणि एखाद्या रुग्णाने त्यावर विसंबून औषध बंद केले तर त्याचे परिणाम पैशात मोजता येत नाहीत.

टप्पा ३: मोबदल्याची योजना स्वतः वाचा

मोबदल्याची योजना तोंडी ऐकू नये, फलकावर काढलेल्या वर्तुळांवरूनही समजून घेऊ नये. लेखी प्रत मागावी, ती घरी आणावी आणि पेन्सिल घेऊन वाचावी. प्रत्येक प्रकारच्या मोबदल्यासमोर एकच नोंद करावी: हा पैसा बाहेरच्या ग्राहकाने माल विकत घेतल्यावर मिळतो, की दुसरा विक्रेता आत आल्यावर किंवा त्याने स्वतःसाठी माल उचलल्यावर मिळतो?

हाच प्रश्न कायद्यानेही विचारला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर आणि ग्राहकहितावर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने, १९७५ मध्ये कॉस्कॉट या कंपनीच्या प्रकरणात मांडलेली कसोटी अशी आहे: पैसे भरून माणसाला माल विकण्याचा हक्क मिळतो, त्याबरोबरच नवी माणसे आणल्याबद्दल मोबदला मिळण्याचा हक्कही मिळतो, आणि तो मोबदला अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेला नसतो, तेव्हा ती पिरॅमिड योजना ठरते. १९७९ मध्ये ॲमवे या थेट विक्री कंपनीच्या प्रकरणात त्याच आयोगाने ती योजना पिरॅमिड नसल्याचा निर्णय देताना तीन नियमांना महत्त्व दिले: सोडून जाणाऱ्याचा न विकलेला माल परत घेणे, महिन्यात घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकला जाणे आणि दर महिन्याला किमान १० वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री होणे. २०१६ मध्ये हर्बालाइफ या थेट विक्री कंपनीने याच आयोगाशी केलेल्या तडजोडीत अमेरिकेतील मोबदल्याचा किमान दोन-तृतीयांश भाग पडताळणी झालेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा असे ठरले. भारतातही २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. देश कोणताही असो, समोरच्या योजनेला हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर योजनेच्या मजकुरातच शोधावे.

साखळी वाढतच जाईल हे गृहीत धरणारी योजना गणितातच अडते. प्रत्येकाने सहा जण आणायचे असे ठरले तर तेराव्या पातळीवर १,३०० कोटींहून अधिक माणसे लागतात, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की साखळी त्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही पातळीवर थांबली, तरी सहाच्या हिशेबात एकूण माणसांपैकी सुमारे ८३ टक्के माणसे त्या क्षणी सर्वांत खालच्या पातळीवर असतात आणि त्यांच्या खाली कोणीच नसते. मेहनत कमी पडल्यामुळे ती खाली राहिलेली नसतात. अशा आकृतीत तळाला बहुसंख्या असणे अटळ आहे. त्या ८३ टक्क्यांचे पोट किरकोळ विक्रीवर भरत नसेल तर ते कशावरच भरत नाही.

योजना वाचताना ‘सक्रिय’ आणि ‘पात्र’ या दोन शब्दांखाली रेघ मारावी. बहुतेक योजनांत कमिशन मिळण्यासाठी दर महिन्याला ठराविक पॉइंटची (कंपनी प्रत्येक वस्तूला देते त्या गुणांची) खरेदी करून सक्रिय राहावे लागते आणि वरच्या रँकसाठी, म्हणजे श्रेणीसाठी, गटाची ठराविक उलाढाल दाखवावी लागते. रँक एकदा मिळाली की कायम राहते, की दर महिन्याला पुन्हा मिळवावी लागते? पात्रता एका पॉइंटने हुकली तर त्या महिन्याचे कमिशन बुडते का? पात्रता टिकवण्यासाठी महिनाअखेरीस स्वतःच माल उचलणारे विक्रेते प्रत्यक्षात कमिशन विकत घेत असतात, आणि कपाटात साचणाऱ्या मालाचा मोठा भाग असाच आलेला असतो.

*पडताळणी:* पुढचे वर्षभर एकही नवा विक्रेता जोडला नाही असे धरून या योजनेतून काय मिळेल ते एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर योजना अजून समजलेली नाही.

टप्पा ४: कमाईचे दावे तपासा

काही कंपन्या विक्रेत्यांच्या उत्पन्नाचे वार्षिक विवरण प्रसिद्ध करतात. ते मागावे आणि मंचावरच्या अनुभवकथनाऐवजी त्यावर विश्वास ठेवावा. मात्र तेही नीट वाचावे लागते. समजा १०० विक्रेत्यांपैकी एकाला ५०,००० मिळाले, नऊ जणांना प्रत्येकी २,००० मिळाले आणि उरलेल्या ९० जणांना प्रत्येकी १०० मिळाले. सरासरी ७७० येते, पण शंभरापैकी ९० जणांनी त्या आकड्याचा सातवा हिस्सासुद्धा पाहिलेला नसतो. म्हणून सरासरी बाजूला ठेवून मधला आकडा, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मध्यभागी येणाऱ्या विक्रेत्याचे उत्पन्न, शोधावे.

विवरणात आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: आकडे खर्च वजा करण्यापूर्वीचे आहेत का, ते फक्त सक्रिय विक्रेत्यांचे आहेत का, आणि वर्षाच्या मध्येच सोडून गेलेल्यांना त्यात धरले आहे का. सोडून गेलेले वगळले तर कोणतीही योजना असते त्यापेक्षा चांगली दिसते.

विवरण मिळत नसेल तर आपल्याला जोडू पाहणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे होणाऱ्या अपलाइनला, थेट आणि आदराने विचारावे: ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला बाहेरच्या ग्राहकांना केलेल्या विक्रीतून खर्च वजा जाता किती उरले?’ बँकेत जमा झालेल्या कमिशनचा फोटो हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे, कारण त्या फोटोत खरेदी दिसत नाही.

टप्पा ५: करारातील पाच कलमे शोधा

करार लांब असतो. सुरुवातीला पाच गोष्टी शोधाव्यात. पहिली, माल परत घेण्याची अट. थेट विक्री संघटनांच्या जागतिक महासंघाच्या आचारसंहितेनुसार व्यवसाय सोडणाऱ्या विक्रेत्याने मागील १२ महिन्यांत घेतलेला विक्रीयोग्य माल कंपनीने परत घ्यावा आणि मूळ निव्वळ किमतीतून हाताळणी खर्चापोटी फार तर १० टक्के कापावेत. आपल्या करारातील अट याच्याशी ताडून पाहावी. ‘विक्रीयोग्य’ची व्याख्या काय, पॅक उघडलेला चालतो का, वाहतूक खर्च कोणाचा आणि परताव्यातून आधी दिलेले कमिशन कापले जाते का, हेही विचारावे.

दुसरी, करार मागे घेण्याची मुदत. घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी अनेक देशांत ग्राहकाला विचार बदलण्याची मुदत असते. युरोपीय संघात ती १४ दिवसांची, तर अमेरिकेत अशा विक्रीसाठी ती कामाच्या तीन दिवसांची आहे. विक्रेत्याला स्वतःचा करार मागे घेण्यासाठी अशी मुदत आहे का हे करारात पाहावे आणि आपल्या ग्राहकाला कोणती मुदत द्यावी लागते हेही माहीत करून घ्यावे, कारण तेवढे दिवस विक्री पक्की धरता येत नाही.

तिसरी, स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ऑनलाइन बाजारात माल विकण्याची परवानगी आहे का. चौथी, कंपनीला मोबदल्याची योजना एकतर्फी बदलता येते का. बहुतेक करारांत हा अधिकार कंपनीकडे असतो, आणि डाउनलाइनवर भविष्याची भिस्त ठेवणाऱ्याने तो विसरू नये. पाचवी, प्रशिक्षण, मेळावे, ॲप आणि नूतनीकरण यांपैकी काय सक्तीचे आहे आणि त्याचे शुल्क किती.

*सावधान:* ‘ते कलम कागदावर आहे, प्रत्यक्षात कोणी लावत नाही’ असे उत्तर मिळाले तर ते कलम लागू होईल असेच धरून चालावे.

टप्पा ६: एका महिन्याचा हिशेब आधी कागदावर चालवा

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो. पुढचे आकडे कोणत्याही चलनात वाचावेत आणि त्या जागी आपल्या कंपनीचे दर घालावेत.

समजा एका नगाची छापील किंमत १०० आहे आणि तो आपल्याला ७५ ला मिळतो. महिन्यात ७० नग घेतले, त्यासाठी ५,२५० गेले. त्यांतले ५० नग पूर्ण किमतीला विकले, म्हणजे ५,००० आले. ओळखीच्या दहा जणांनी सूट मागितली, त्यांना ९० ने दिले, म्हणजे ९०० आले. एकूण विक्री ५,९०० झाली. चार नग नमुने म्हणून वाटले गेले आणि सहा कपाटात राहिले.

विकलेल्या ६० नगांची खरेदी ४,५००. म्हणून ढोबळ नफा १,४००. त्यातून नमुन्यांचे ३००, प्रवासाचे २४०, फोन आणि पॅकिंगचे ११० आणि बैठकीचे शुल्क १५० वजा केले की ६०० उरतात. ग्राहकांशी बोलणे, माल पोहोचवणे, बैठका, संदेशांना उत्तरे आणि नोंदी यांत महिन्याला ४० तास गेले असतील तर तासाला १५ पडतात.

आता रोख रक्कम पाहावी. आलेले ५,९०० आणि गेलेले ५,२५०, २४०, ११० आणि १५० यांचा हिशेब केला की हातात १५० राहतात. उरलेले ४५० कपाटातल्या सहा नगांत अडकलेले असतात. त्यांतच दोन ग्राहकांकडे २०० ची उधारी राहिली असेल तर महिनाअखेरीस खिशातून ५० गेलेले असतात. म्हणजे एकाच महिन्यात विक्री ५,९००, नफा ६०० आणि रोख उणे ५०. हे तिन्ही आकडे खरे आहेत. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत फक्त पहिला लिहिलेला असतो, आणि घरात वाद होतो तो तिसऱ्यावरून.

सूट दिल्याने काय होते हेही याच हिशेबात दिसते. छापील किमतीवर दहा टक्के सूट दिली की नफा २५ वरून १५ वर येतो, म्हणजे दहा टक्के सुटीने नफ्याचा ४० टक्के भाग जातो. ओळखीच्या माणसाला ‘थोडे कमी’ करून देण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

*पडताळणी:* तासाला पडणारी रक्कम, त्याच तासांत करता येण्यासारख्या दुसऱ्या कामाच्या मोबदल्याशेजारी लिहावी. कंपनीसाठी विक्रेता हा सहसा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक असतो, त्यामुळे पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि आजारपणातील उत्पन्न यांचा त्यात समावेश नसतो. कराचा हिशेबही स्वतःच ठेवावा लागतो.

टप्पा ७: आता फायदे आणि तोटे समोरासमोर ठेवा

आकडे हातात आल्यावरच हा तोल मांडता येतो, कारण या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक फायदा एखाद्या अटीवर टिकतो आणि ती अट मोडली की तोच तोटा होतो.

दुकानाचे भाडे नाही आणि सुरुवातीचे भांडवल कमी लागते, हा निर्विवाद फायदा आहे. पण मागणी आल्यावरच माल मागवला तरच तो टिकतो. साठा करून ठेवला की घराचे गोदाम होते आणि भांडवल कमी राहत नाही. वेळ आपल्या सोयीने ठरवता येतो हेही खरे आहे आणि लहान मुले किंवा आजारी ज्येष्ठ घरात असलेल्यांसाठी त्याचे मोल मोठे आहे. मात्र ग्राहक बहुधा संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी मोकळा असतो, त्यामुळे पहिल्या टप्प्यात वेळेची सीमा लिहिलेली नसेल तर हीच लवचिकता दिवसभर पसरते.

विक्रीचे प्रशिक्षण, लोकांशी बोलण्याचा सराव, नकार पचवण्याची सवय आणि हिशेबाची ओळख हा मला सर्वांत खरा फायदा वाटतो, कारण व्यवसाय सोडला तरी तो आपल्याकडे राहतो. ज्यांना दीर्घकाळ नोकरीबाहेर राहावे लागले आहे त्यांना यातून आत्मविश्वास मिळू शकतो आणि ती लहान गोष्ट नाही.

तोट्यांमध्ये सर्वांत जड तोटा नात्यांचा आहे आणि तो कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. मैत्रीण नको असताना एक वस्तू घेते, दुसऱ्यांदा टाळते आणि तिसऱ्यांदा फोन उचलत नाही. तिने दिलेली रक्कम विक्री म्हणून लिहिली जाते, पण ती प्रत्यक्षात जुन्या स्नेहातून काढलेली उचल असते. म्हणून नातेवाईक आणि जवळचे मित्र यांची खरेदी वहीत वेगळ्या रकान्यात लिहावी आणि व्यवसाय चालतो की नाही हे ठरवताना तो रकाना पूर्णपणे वगळावा.

कंपनीवरील अवलंबन हा दुसरा मोठा तोटा. किंमत, पुरवठा, वस्तू बंद करणे आणि मोबदल्याची योजना हे सगळे कंपनीच्या हातात असते, शिवाय आपल्या भागात किती विक्रेते नेमायचे यावर सहसा मर्यादा नसते.

*पडताळणी:* लिहिलेल्या प्रत्येक फायद्यापुढे ‘कोणती अट पाळली तर’ हे लिहावे. ज्या अटी आपल्या हातात नाहीत त्यांच्यावर अवलंबून असलेले फायदे खोडून टाकावेत. उरलेले पुरेसे वाटले तरच सही करावी.

टप्पा ८: नव्वद दिवसांची मर्यादित चाचणी घ्या

नोंदणी केल्यावर सर्वांत लहान पॅकेज घ्यावे. मोठ्या पॅकेजवर जास्त सवलत आणि लगेच वरची रँक दिली जाते, पण विक्री सिद्ध होण्यापूर्वी मिळालेली रँक ही खरेदीची रँक असते. व्यवसायाचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे आणि वहीत रोज पाच नोंदी कराव्यात: तारीख, ग्राहक, रक्कम, रोख की उधार, आणि लागलेला वेळ. स्वतःच्या घरात वापरलेला माल खर्चात लिहावा, विक्रीत कधीही लिहू नये.

तिसऱ्या टप्प्यातील १९७९ चे दोन नियम इथे स्वतःलाच लावावेत. आधीच्या मालापैकी ७० टक्के माल ग्राहकाच्या हातात जाऊन पैसे येईपर्यंत नवी मागणी नोंदवू नये. महिन्याला किमान दहा वेगवेगळे ग्राहक असावेत, आणि त्यांत नातेवाईक धरू नयेत. हे जमत नसेल तर ती माहिती स्वस्तात मिळाली असे समजून थांबता येते.

उधारीचा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा सांगावा. माल ठेवताना जुनी तारीख पुढे आणि नवी मागे ठेवावी, म्हणजे आधी आलेला माल आधी जातो. ग्राहकाला पावती द्यावी, परत करण्याची अट आपणहून सांगावी आणि न विचारता कोणाच्या घरी जाऊ नये.

*सावधान:* महिनाअखेरीस अपलाइनकडून ‘एवढे पॉइंट भर, पुढच्या महिन्यात भरून निघेल’ असा फोन येतो तेव्हा वही उघडून ७० टक्क्यांचा नियम पाहावा आणि तो वाचूनच उत्तर द्यावे.

नव्वद दिवसांनी तीन आकडे पाहावेत: नातेवाईक वगळून निव्वळ नफा, तासाला पडलेली रक्कम आणि दुसऱ्यांदा खरेदी केलेल्या ग्राहकांची संख्या. तिसरा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो.

टप्पा ९: दुसऱ्यांना जोडण्याचा निर्णय वेगळा घ्या

चाचणीत किरकोळ विक्रीवर नफा दिसला नसेल तर कोणालाही जोडू नये. जे आपल्याला जमले नाही ते दुसऱ्याला जमेल असे सांगून त्याच्याकडून पैसे भरून घेणे योग्य नाही.

नफा दिसला असेल तरी आधी एक गणित करावे. एखादी ग्राहक महिन्याला छापील किमतीने ४०० चा माल घेत असेल तर २५ टक्क्यांनी आपल्याला १०० मिळतात. तिलाच विक्रेती केले की ती तोच माल ३०० ला थेट घेते आणि त्यावर ५ टक्के कमिशन धरले तर आपल्याला १५ मिळतात. एका चांगल्या ग्राहकाइतके उत्पन्न टिकवायला अशा जवळजवळ सात जणी जोडाव्या लागतात, आणि त्या सगळ्या आपल्याच ओळखीच्या वर्तुळात तोच माल विकू लागतात. सर्वांत चांगल्या ग्राहकाला घाईने जोडणे हे म्हणूनच अनेकदा नुकसानीचे ठरते.

जोडायचेच असेल तर समोरच्या व्यक्तीला आपली वही दाखवावी, त्यातील तोट्याचे महिने झाकू नयेत, आणि तिला पहिला टप्पा पूर्ण करायला किमान एक आठवडा द्यावा.

टप्पा १०: बाहेर पडायचे असेल तर हा क्रम पाळा

थांबण्याचा निर्णय झाला की सर्वप्रथम दरमहा आपोआप येणारी मागणी आणि खात्यातून परस्पर होणारी वजावट बंद करावी. अनेक जण आधी अपलाइनला फोन करतात आणि बोलण्याच्या ओघात आणखी एका महिन्याचा माल घेऊन बसतात. त्यानंतर साठ्याची यादी करावी: नग, खरेदीची तारीख, पावती क्रमांक, मुदत आणि पॅक बंद आहे की उघडा. परत घेण्याच्या मुदतीच्या काठावर असलेला माल यादीत सर्वांत वर लिहावा.

मग करारात दिलेल्या पत्त्यावर लेखी राजीनामा आणि माल परत घेण्याची मागणी एकत्र पाठवावी आणि तारखेचा पुरावा जपून ठेवावा. माल पाठवण्यापूर्वी प्रत्येक खोक्याचे फोटो काढावेत आणि वाहतुकीची पावती सांभाळावी. ग्राहकांना आपण थांबत असल्याचे कळवावे, त्यांची राहिलेली मागणी पुरी करावी किंवा पैसे परत करावेत, आणि त्यांचे फोन क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नयेत. परताव्याची रक्कम खात्यात जमा होऊन ती यादीशी जुळेपर्यंत वही, पावत्या आणि कराराची प्रत यांपैकी काहीही टाकून देऊ नये. करासाठी लागणाऱ्या नोंदी त्यानंतरही कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवाव्यात.